मार्चची बाई

चित्रातल्या चेहऱ्यावर आपला तळहात ठेवून बाई वर्गाला म्हणायच्या, "चेहरा नंतर. आधी हात बघा."

मग पंचेचाळीस पोरं माना पुढे काढून हात बघायची. "बाई, नखं कापलेली आहेत." "बाई, बोटं जाडजूड आहेत, श्रीमंताची नाही वाटत." "बाई, मनगटावर भाजल्यासारखं दिसतंय." सगळं ऐकून झालं की बाई तळहात उचलायच्या. खालचा चेहरा ठरलेला असायचा. मान मागे टाकलेली, डोळे आभाळाकडे, पापण्यांत पाणी, एकाच बाजूने पडलेला पिवळा उजेड आणि बाकी सगळा काळोख.

"चित्र पुरं झालं," बाई म्हणायच्या. "चित्रकाराने दिवा विझवला. ही उठली, पदर झटकला आणि घरी गेली. घरी जाऊन हिने काय केलं?"

आता चारशे वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या बाईला कसला आलाय पदर! पण आमच्या इतिहासाच्या बाईंच्या वर्गात सगळ्याच बायांना पदर असायचा.

मी गणिताची. आमची शाळा चाकणजवळ, निघोज्याच्या बाजूला, कंपन्यांच्या भिंतींना लागून. खिडकी उघडी ठेवली तर कंटेनरचे हॉर्न, बंद केली तर पत्र्याची भट्टी. पोरं निम्मी गावातली, निम्मी लातूर, बीड, परभणीकडून आलेल्या घरांतली. आईबापांच्या शिफ्टा बदलतात तशी पोरांची झोप बदलते, त्यामुळे वर्गात कोण जागं आहे हे रोज नव्याने बघावं लागतं. अशा ठिकाणी दहावीचा निकाल लावायचा म्हणजे काय, ते ज्याचं त्याला माहीत. म्हणून सांगते, मला बाईंचा शनिवारचा शेवटचा तास हवा होता. मी तो उघडपणे मागायची, स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर मागायची. बाई हसायच्या.

"मॅडम, आठवड्यात तुमचे सात तास. माझा हा एकच असा आहे की ज्यात मी दमत नाही. तो तेवढा राहू द्या."

बाकीच्या वेळी बाई दमलेल्याच असायच्या. ही तक्रार नव्हे, त्यांचं वर्णनच ते. रावेतहून निगडी, निगडीहून तळवडेमार्गे शाळा, आणि संध्याकाळी तेच उलटं. घरी यजमान अंथरुणाला खिळलेले. अर्धं अंग गेलेलं. त्यांना भरवायचं, पुसायचं, कूस बदलून द्यायची, ते झालं की सासूबाईंचे गुडघे. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, तसं शाळेने जनगणना, मतदारयाद्या, शालेय पोषण आहार असलं सगळं त्यांच्याच गळ्यात घातलं होतं, कारण त्या नाही म्हणायच्या नाहीत. नेमणूक कंत्राटी. दर जूनला नव्याने व्हायची. नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

स्टाफरूममध्ये खुर्चीत बसल्या की आधी चपला काढायच्या, मग डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "दोन मिनिटं हं, मॅडम." ती दोन मिनिटं त्यांना कधी पुरी मिळाल्याचं मी पाहिलं नाही. कुणीतरी हाक मारायचंच.

ती चित्रं त्यांच्याकडे आली कशी, याची गंमत आहे. यजमान धडधाकट होते तेव्हा चाकणच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. परदेशातली कुठलीशी मशीनवाली कंपनी दर नव्या वर्षाला तिथे भिंतीवरची भलीमोठी कॅलेंडरं पाठवायची. एका वर्षी त्यावर धार्मिक बायांची सतराव्या शतकात काढलेली चित्रं होती. संतिणी, जोगिणी, मठात राहणाऱ्या. साहेबांना नको होतं, यांनी घरी आणलं. बाईंनी वर्षभर ते स्वयंपाकघरात लावलं, आणि वर्ष संपल्यावर पानं कापून पुठ्ठ्यावर चिकटवली. पानांखाली महिने तसेच राहिले, नावं कापण्यात गेली. त्यामुळे त्या थोर बायांची नावं आमच्या शाळेत कुणालाच माहीत नव्हती. मुलं त्यांना महिन्यांनी ओळखायची.

ऑगस्टची बाई ताटलीत स्वतःचे काढलेले डोळे घेऊन उभी. "बाई, उकडलेली अंडी आहेत का ती?" हा प्रश्न दर वर्षी यायचा आणि बाई दर वर्षी तितक्याच गांभीर्याने उत्तर द्यायच्या. नोव्हेंबरची मोडक्या चाकाला टेकलेली, तिला पोरं पंक्चरवाली म्हणायची. आणि मार्चची बाई सगळ्यांची लाडकी. केस मोकळे, मांडीवर माणसाची कवटी, शेजारी एकच ज्योत, नजर वर.

"ही वर का बघतीय?" बाई विचारायच्या.

"लाइट गेली असंल."

वर्ग हसायचा, बाईही हसायच्या, आणि मग हळूच मुद्द्यावर यायच्या. त्या काळी तिकडे धर्मावरून मोठं भांडण पेटलं होतं. एक बाजू म्हणाली, देवळात चित्रं नकोतच. दुसरी म्हणाली, हवीत, आणि अशी हवीत की ज्याला अक्षर वाचता येत नाही त्याच्याही डोळ्यांतून पाणी आलं पाहिजे. मग चित्रकारांना कामं मिळाली. बायांना रडायला बसवलं, वर बघायला सांगितलं, दिवा एका बाजूला ठेवला. "खऱ्या मठातल्या बाया शेती बघत होत्या, औषधं कुटत होत्या, जमिनीसाठी कोर्टात भांडत होत्या," बाई सांगायच्या. "तसं चित्र क्वचितच कुणी काढलं. मग हे चित्र कशाचा पुरावा आहे? ती बाई कशी होती याचा, की लोकांना ती कशी हवी होती याचा?"

मी दाराशी उभी राहून ऐकायचे. वेळ वाया चाललाय असं वाटायचं आणि पाय मात्र हलायचे नाहीत. माझ्या तासाला पेंगणारी पोरं तिथे टक्क जागी असायची. मला राग यायचा, तो याचाच.

तर गेल्या वर्षी गॅदरिंग आलं आणि बाईंना कुठून बुद्धी सुचली कोण जाणे, त्यांनी जिवंत देखावा करायचं ठरवलं. गणपतीत आपल्याकडे मंडळं करतात ना, माणसं पुतळ्यासारखी उभी राहतात, तसा. फक्त किल्ल्यांच्या लढाया न करता कॅलेंडरातल्या बाया. मागे पॅकिंगचं काळं प्लास्टिक, बाजूला एक टॉर्च, की झालं. नववीतल्या पोरी हरखल्या. मार्चची बाई व्हायला गावातलीच एक उंच, शांत मुलगी निवडली. कवटी आणायची कुठून? तर शेंडी काढलेला नारळ. त्याला तीन डोळे असतातच.

बाईंनी नियम घालून दिला होता: "हलायचं नाही. बोलायचं नाही. कुणी हाक मारली तरी नजर खाली आणायची नाही."

पोरगी नियमाची पक्की निघाली. संध्याकाळी तिने घरात तालीम केली, तीही देवघरात, कारण दिवा तिथेच. केस मोकळे सोडले, नारळ मांडीवर घेतला आणि आढ्याकडे बघत बसली. आजी आली. "अगं ए," म्हणाली. उत्तर नाही. आईने हलवलं. पोरगी दगड. डोळ्यांत पाणी, कारण पापणी लवू द्यायची नाही असं तिने स्वतःच वर ठरवलेलं.

आजीने कपाळाला हात लावला आणि ओरडली, "आली! माझ्या मागं नातीच्या अंगात आली!"

पुढचं काही विचारू नका. आईने हळदीकुंकू आणलं, शेजारणी ओट्या घेऊन आल्या, कुणी धूप घातला, कुणी आपल्या सुनेला मूल कधी होईल ते विचारून घेतलं. बापाने देवरुश्याला आणायला गाडी बाहेर काढली. पोरगी बिचारी नियम पाळत बसलेली. शेवटी धुराने तिला शिंक आली आणि देवी गेली.

दुसऱ्या दिवशी मुलीचे वडील शाळेत हजर. ते आमच्या शाळा समितीत. जमीन एमआयडीसीत गेलेली, आता कंपन्यांना गाड्या भाड्याने देतात. माणूस वाईट नाही, पण आदल्या संध्याकाळी अख्ख्या आळीसमोर शोभा झालेली.

"सर, आमी काय अडानी न्हाई," ते मुख्याध्यापकांना म्हणाले. "पर ह्या कुठल्या परमुलखातल्या बाया? दुसऱ्याच्या धर्माच्या? परीक्षेला येनार हायेत का? बंद करा ते."

मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावलं. समितीपुढे एकदा तास घेऊन दाखवा, त्यांना पटलं तर चालू, नाही तर बंद, असा तोडगा निघाला. जूनच्या नेमणुकीचं कुणी बोललं नाही, पण ते सगळ्यांच्या डोक्यात होतं. बाई बाहेर आल्या, चपला न काढताच खुर्चीत बसल्या.

"मॅडम, हा तास गेला ना, तर बसच्या स्टॉपवरून घरी जाणारी मी आणि शाळेत येणारी मी, मधे माझं असं काही उरणार नाही."

"मग भांडा की!" मी म्हणाले. तोच तास मीच मागत होते, हे त्या वेळी माझ्या लक्षातही नव्हतं.

शनिवारी समिती आली. चार पुरुष, दोन बाया. आणि कुणी बोलावलेली नसताना मुलीची आजी. नऊवारी, हातात काठी, पहिल्या बाकावर येऊन बसली. तिचा मुलगा "आई, तू कशाला" म्हणाला, तर म्हणाली, "माझी नात हाय."

वर्गात अंधार केला. टॉर्च लागला. ती मुलगी मोकळ्या केसांनी, नारळ मांडीवर घेऊन, वर बघत बसली. खरं सांगते, मी गणिताची बाई, मला असल्या गोष्टींचं काही नाही, पण माझ्या अंगावर काटा आला. नारळ नारळ राहिला नव्हता.

बाई पुढे झाल्या. त्यांचा आवाजच वेगळा होता. रोज संध्याकाळी बसमध्ये माझ्या खांद्यावर डुलक्या घेणारी बाई ती ही नव्हेच. त्यांनी मुलीच्या चेहऱ्यासमोर तळहात धरला. "चेहरा नंतर. आधी हात बघा." समितीने मुकाट्याने हात बघितले. मग भांडण, देवळं, चित्रकार, सगळं सांगितलं. आणि शेवटी सवयीने प्रश्न विचारला, "चित्र पुरं झालं. ही उठली आणि घरी गेली. घरी जाऊन हिने काय केलं?"

पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. पहिल्या बाकावरून आजी बोलली.

"भाकऱ्या टाकल्या. आनखी काय करनार?"

कुणीतरी हसलं. आजी हसली नाही. ती नातीकडे बघत होती.

"माझ्या अंगात यायची की. सासरी आल्यावर तिसऱ्या वर्साला आली. मंगळवारी गाव जमायचं. परातीत पाय धुवायचं माझं. सासू पाया पडायची, नवरा पाया पडायचा. आन् गाव गेलं की नवरा म्हनायचा, गेली का देवी? मग भाकऱ्या टाक. मंगळवारी पाया पडायचा, बुधवारी लाथ घालायचा."

"आई, पुरे," मुलगा म्हणाला.

"का पुरे? बाई इचारत्यात." ती बाईंकडे वळली. "तुमास्नी खरं सांगू का? मंगळवारी तेवढं बसाया मिळायचं बगा. कुनी उठ म्हनायचं न्हाई. पानी आनून द्यायचं. मी वर बगत बसायची अशीच."

बाईंनी अगदी हळू विचारलं, "आजी, खरी यायची का हो?"

आजीने विचार केला. "येत बी आसंल. दमल्यावर काय बी येतं."

मार्चच्या बाईने नियम मोडला, नजर खाली आणली आणि आजीकडे बघून रडायला लागली. समितीतल्या दोघी बायांनी पदर डोळ्यांना लावला. मुख्याध्यापकांनीही चष्मा काढून पुसला. मी बाईंना दंडाला धरून कानात म्हणाले, "जिंकलात!"

कसलं जिंकलात! माणसं मला कधीच कळली नाहीत, आकडेच बरे. त्या घराच्या अंगणात आजीच्या देवीचं ठाणं आहे, नवरात्रात तिथे अजून रांग लागते. मुलीच्या वडिलांच्या नावाला वजन आहे ते गाड्यांमुळे तेवढंच त्या ठाण्यामुळे. आणि त्यांच्या आईने भर वर्गात बापाची लाथ काढली. चहा झाला, "बाई, छान शिकवता" असं सगळे म्हणाले, आणि तास बंद झाला. डोळे पुसतच बंद केला त्यांनी.

मुख्याध्यापकांनी बाईंना सांगितलं, पुस्तकात आहे तेवढं शिकवा, जूनचं मी बघतो. बाई "बरं" म्हणाल्या. एका शब्दाने भांडल्या नाहीत. मी मात्र चिडले. "अहो, तोंड आहे ना तुम्हाला? मी येते बरोबर, सांगू त्यांना."

"नको, मॅडम. दमले हो मी." मग पिशवी उचलत म्हणाल्या, "आजींना मंगळवार होता, मला शनिवार. त्यांचाही गेला असणारच की कधीतरी."

गॅदरिंगला लावणी झाली आणि एक शेतकरी नृत्य. जूनमध्ये बाईंची नेमणूक झाली. शनिवारचा शेवटचा तास दहावीच्या गणिताला मिळाला, म्हणजे मला. बाईंनी स्वतः येऊन सांगितलं, "तुम्हालाच मिळाला ते बरं झालं. निदान पोरं जागी राहतील." हे टोमण्यासारखं वाटेल, पण त्यांना टोमणे येत नसत.

त्यानंतर बाई पुस्तक शिकवत राहिल्या. स्वाध्याय, रिकाम्या जागा, जोड्या लावा. कॅलेंडरची पानं त्यांनी घरी नेली. "यजमानांच्या पलंगासमोर लावलीत," म्हणाल्या. "ते दिवसभर वरच बघत असतात. त्यांना जोडीला कुणीतरी."

दिवाळीनंतर त्या आल्या नाहीत. यजमानांना पुन्हा झटका आला, तेव्हा घर बंद करून सगळ्यांना घेऊन त्या साताऱ्याकडे दिरांकडे गेल्या, असं मुख्याध्यापकांनी प्रार्थनेनंतर सांगितलं. फोन लावला तर बंद. निरोप समारंभ नाही, शाल नाही, नारळ नाही. नारळ नाही ते एक बरंच झालं म्हणा.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते दिवाळीची सुट्टी लागली त्या संध्याकाळी, बसमध्ये. गर्दीत आम्ही मागेपुढे चढलो. मला मागे उभं राहावं लागलं, त्यांना पुढे खिडकीपाशी जागा मिळाली. तळवडे मागे पडेपर्यंत त्यांना झोप लागली होती. मान मागे गेलेली, तोंड किंचित उघडं, चेहरा वर. मावळतीचं ऊन एकाच बाजूने त्यांच्यावर येत होतं आणि बाकी बस माणसांनी काळोखी झालेली.

मी सवयीने आधी हात बघितले. मांडीवर मेथीची जुडी, ती दोन्ही हातांनी धरलेली, झोपेतसुद्धा घट्ट. अंगठ्याजवळ चटका बसल्याची जुनी खूण. बोटांवर खडूची पांढरी पूड. कंडक्टर तिकिटं काढत पुढे सरकला आणि त्यांच्या खांद्याला हात लावणार, तेवढ्यात मी मागून ओरडले, "अहो, पास आहे त्यांचा! झोपू द्या की जरा माणसाला!" अख्खी बस माझ्याकडे बघायला लागली. बाई जाग्या झाल्या नाहीत.

माझा स्टॉप रुपीनगर. तो आला आणि गेला. मी उतरले नाही, निगडीपर्यंत उभी राहिले. निगडीला सगळे उतरल्यावर मी त्यांच्या हाताला हात लावला.

"आलं का?" त्या दचकून उठल्या, पदर झटकला, मेथी पिशवीत घातली. "तुम्ही इथे कशा, मॅडम?"

"काम होतं," मी म्हणाले.

"किती छान झोप लागली हो आज. कुणी उठवलंच नाही." त्या हसल्या, आणि रावेतच्या बसमागे धावत सुटल्या.

आता शनिवारचा शेवटचा तास मी घेते. दहावीत ती मुलगी आहे, मार्चची बाई. गणितात बरी आहे. परवा मी फळ्यावर प्रमेय लिहीत होते, तर मागून तिचा आवाज आला, "मॅडम, बाई गावाला जाऊन काय करत असतील?"

मी फळ्याकडे तोंड करूनच म्हणाले, "बसल्या असतील गं जरा."

मी वळले तेव्हा ती माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हती. माझ्या हाताकडे बघत होती, ज्यातला खडू मोडला होता.

"खोटं," ती म्हणाली, आणि मान खाली घालून प्रमेय उतरवायला लागली.